आज काळे

सकाळी साडेआठला शटर वर जातं,
पट्टा खडखडतो, आणि मुकादम
एवढंच बोलतो : आज काळे.

मग बघा.
हिरव्या बेदाण्याचा लोंढा येतो,
पंधरा बायका, तीस हात,
वर ट्यूबलाइटची पांढरी रेघ,
आणि त्या लोंढ्यातून काळे
आपणहून वर येतात,
हाक मारल्यासारखे.
मी त्यांना शोधत नाही, खरं सांगते.
बोट आधी जातं, मी मागून पोचते.

दुपारी भाकरी, खर्डा,
हाताला गंधकाचा वास, कितीही धुवा.
दोननंतर मुकादम म्हणतो : आता काड्या.
तोच पट्टा, तोच माल, मणेराजुरीच्या त्याच बागेचा,
पण काळे कुठं गेले?
कुठं जातात! नाकाखालून जातात, ढिगानं जातात,
परक्या गावचं वऱ्हाड रस्त्यानं जावं तसे.
बघते मी, पण ओळखीचं कुणी नसतं त्यात.
आणि केसाएवढी काडी
वाशाएवढी दिसते.

माझी स्वरूपा मिरजेला डोळ्यांचं शिकते.
ती म्हणाली, आई, डोळा नुसती खिडकी गं.
बघायचं काम मागं चालतं,
तू अंबाडा बांधतेस ना, त्याच्या आत.
आणि कपाळाकडून तिथं निरोप जातो :
काळं आलं की आवाज वाढव,
हिरवं आलं की दाब.
माल यायच्या आधीच निरोप पोचलेला असतो.
मी म्हटलं, म्हणजे डोक्यातपण मुकादम आहे.
ती म्हणाली, आहे, पण त्याला हजेरी नाही.
म्हटलं, आमची तरी कुठं वेळेवर मिळते?

रात्री डोळे मिटले तरी पट्टा चालू असतो.

मग ते शालनच्या कानातल्या फुलाचं झालं.
वर हात केला, मळसूत्र सुटलं, फूल पट्ट्यावर.
अर्ध्या ग्रॅमचं असेल, पण तिच्या आईचं.
सात जणींच्या पुढून गेलं ते,
तिसरी मी.
सापडलं शेवटी, काट्यावर पेटी ठेवणाऱ्या पोराला.
त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं,
तो आपला मान हलवत गाणं ऐकत होता.

शालन म्हणाली, सोनं होतं गं,
तुझ्या बोटांखालून गेलं.
मी म्हटलं, आज काळे होते.
दोन दिवस तिनं माझ्याजवळ डबा सोडला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी गंमत.
कुणी सांगितलं नाही तरी सगळ्याजणी
सोनंच बघत होत्या.
पिकलेला पिवळट मणी दिसला की
पंधरा माना वाकायच्या.
काळे सुटले.
सौद्यातून अकरा पेट्या परत आल्या,
मुकादमाचं तोंड
आम्ही काही बघितलं नाही.

शनिवारी स्वरूपाचा फोन :
आई, पहिल्या गाडीनं येते, पिवळा ड्रेस घातलाय,
तासगाव स्टँडवर ये, बॅग जड आहे.
गेले.
अहो, केवढं पिवळं असतं त्या स्टँडवर!
लिंबाची पाटी, रिक्षाचं टप,
हळदीचं फाटकं पोतं, फलाटाच्या कडेची पट्टी,
एका बाळाचं टोपडं,
शेंगदाण्याच्या पुडीवर छापलेलं सूर्यफूल.
प्रत्येकानं मला हाक मारली,
प्रत्येकाकडे मी दोन पावलं गेले.

मग कुणीतरी मनगट धरलं.
अंगात मैत्रिणीचं राखाडी जर्किन,
गळ्यापर्यंत चेन ओढलेली.
गाडीत थंडी होती म्हणाली.
किती वेळ उभी आहेस?
चार मिनिटं. मोजत होते.
दोनदा तू माझ्याकडेच बघितलंस.

चार मिनिटं माझी पोर माझ्यासमोर होती
आणि मी लिंबं बघत होते.

मी बॅग घेतली. ती हसत होती,
तिच्या पुस्तकातलंच काहीतरी
रस्त्यात सापडल्यासारखी,
पण ओठ कोरडे, डोळ्यांखाली सावळं.
कालपासून जेवली नव्हतीस ना, म्हटलं.
ती गप्प झाली.